नन स्टडी : मेंदूत अल्झायमरच्या खुणा, तरी स्मृती शाबूत कशी?

प्रश्न : संशोधक डेव्हिड स्नोडन यांच्या ‘नन स्टडी’तील, म्हणजे कॅथलिक भगिनींच्या (नन) वार्धक्याच्या अभ्यासातील, 101 वर्षे जगलेल्या एका भगिनीच्या मेंदूत मृत्यूनंतर अल्झायमरच्या खुणा (प्रथिनांचे साठे) मुबलक आढळल्या, तरीही त्यांनी स्मृतिचाचण्यांत चांगले गुण मिळवले होते. हे कसे?

प्रतिसाद 1 : 1986 साली अमेरिकेतील मिनेसोटात सुरू होऊन पुढे केंटकी विद्यापीठात गेलेल्या या अभ्यासात 75 वर्षांपुढील 678 भगिनी होत्या, त्या नियमित चाचण्या देत आणि मरणोत्तर मेंदूदानाला त्यांची संमती होती. राहणीमान जवळपास सारखे असल्याने तुलना सोपी झाली. खुणा तितक्याच असूनही ज्यांच्या मेंदूत रक्तपुरवठा तुटून बारीक इजा झाल्या होत्या, त्यांच्यात स्मृतिभ्रंश अधिक दिसला. म्हणजे स्मृतिभ्रंश होण्यास केवळ प्रथिनांचे साठे पुरेसे नाहीत. रक्तवाहिन्याही सांभाळाव्या लागतात.

प्रतिसाद 2 : मला मात्र या भगिनींनी तरुणपणी लिहिलेल्या आत्मवृत्तांचा भाग अधिक विलक्षण वाटतो. व्रत घेण्यापूर्वी, सुमारे 22 व्या वर्षी लिहिलेल्या त्या मजकुरात दर दहा शब्दांमागे किती कल्पना येतात, हे मोजले गेले. एखादी केवळ जन्मसाल आणि गाव सांगून थांबते, तर दुसरी त्याच वाक्यात घर, भावंडे, स्वतःची धास्तीही गुंफते. ज्यांच्या लेखनात कल्पना विरळ होत्या, त्यांच्यात म्हातारपणी अल्झायमर जास्त आढळला.

प्रश्नकर्ता : मग दाट लेखनाने मेंदू तगला, की मुळात तगडा मेंदूच दाट लिहीत होता?

प्रतिसाद 2 : तो गुंता या अभ्यासातून सुटत नाही, संबंध दिसला म्हणून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.