ब्राइस कॅनियन (युटा, अमेरिका) – मे महिन्यात आई-बाबांना घेऊन जायचंय

टिळकवाडीकर:
मेच्या मध्यावर जाणार. बाबा ६६, आई ६२, आईला बीपीची गोळी चालू. सकाळी लास वेगासहून भाड्याची गाडी घेऊन निघायचं, दुपारी पोचून लगेच दरीत उतरायचं, रात्री परत फिरायचं. एका दिवसात बसेल काय? वाळवंट म्हणजे बेळगावच्या एप्रिलसारखं ऊन धरून चालायचं ना?

खानापूर_घाटवाट:
बसणार नाही ओ. लास वेगास ते ब्राइस ४२० किलोमीटरच्या आसपास, न थांबता चार तास. त्यात युटाचं घड्याळ एक तास पुढं, म्हणजे सकाळी आठला निघालात तरी तिथं दुपारचा एक वाजलेला. एक रात्र तरी मुक्काम करा. ब्राइस कॅनियन सिटी अगदी गेटजवळ आहे, ट्रॉपिक गाव जरा खाली.

ऊन म्हणाल तर उलट आहे. दरीचा काठ २४०० मीटरच्या वर, रेनबो पॉइंट २७७८ मीटर. कळसूबाई १६४६! मेमध्येसुद्धा पहाटे पारा शून्याला टेकू शकतो. स्वेटर, वाऱ्याचं जॅकेट, कानटोपी घ्याच. औषधं रात्री गाडीत ठेवू नका. कुणाचं इन्सुलिन असेल तर गोठून वाया जातं.

आणि गोकाकला घटप्रभेनं कोरलीय तशी ही नदीची दरी नव्हे. पठाराची कड झिजत चाललीय. भेगांत पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं, दगड फुटतो. वर्षातले दीडशेहून जास्त दिवस हाच खेळ. त्यातूनच ते सुळके उभे राहिलेत, तिकडं त्यांना हूडू म्हणतात.

अनगोळची_अक्का:
आईंसाठी सांगते. आपल्या गडावर आधी चढण, मग उतरण. दमलात तर अर्ध्यातून फिरता येतं. इथं आधी उतरण, आणि चढ शेवटी, तोही पाय थकल्यावर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट, त्यामुळं बेळगावात न लागणारी धाप इथं लागते. पहिल्या दिवशी नुसतं सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट चाला. काठावरचा सपाट डांबरी रस्ता, एका बाजूला अर्धा मैल.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, जमेल त्यांनीच उतरायचं: सनराइज पॉइंटवरून क्वीन्स गार्डनमार्गे खाली, नवाहो लूपनं वर. साधारण पावणेपाच किलोमीटर, १८० मीटरभर चढ, दोन-तीन तास. उलट दिशेनं जाऊ नका, नवाहोची उतरण जास्त तीव्र आहे. माणशी दोन लिटर पाणी वरूनच भरून न्या. हवा इतकी कोरडी की घाम लगेच उडतो, पाणी कमी पडलंय हे डोकं दुखायला लागल्यावर कळतं. गोळीचं मात्र निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, स्वतः कमी-जास्त करू नका.

बूट घोट्यावर धरणारे, तळ खाचांचा. बारीक खडीवर गुळगुळीत तळ सरकतो आणि घोटा मुरगळतो. सॅंडल तर नकोच.

निपाणी_हायवे:
गाडीबद्दल. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा. रेनबो पॉइंटचा रस्ता एका बाजूला २९ किलोमीटर, आणि बघायच्या सगळ्या जागा पूर्वेला. तिथं गाडी उजवीकडून चालते, म्हणजे जाताना प्रत्येक ठिकाणी समोरची वाहतूक कापून डावीकडं वळावं लागणार. सरळ टोकापर्यंत जा, येताना थांबत या. सनसेट पॉइंटला पार्किंग भरलेलं असतं. एप्रिल ते ऑक्टोबर मोफत शटल आहे, ती धरा.

फीचं गणित आता बदललंय. गाडीमागं ३५ डॉलर, सात दिवस चालतो. पण २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना १६ वर्षांवरील माणशी १०० डॉलर जादा. वार्षिक पास २५० चा. तिघांचं मिळून बघा, जादाचेच ३०० होतात, म्हणजे एकट्या ब्राइससाठीही पासच परवडेल. निघण्याआधी पार्कच्या साइटवर एकदा खात्री करून घ्या.

टिळकवाडीकर:
मग दोन रात्री करतो. ढग आले तर?

खानापूर_घाटवाट:
विजांचा जोर जुलै-ऑगस्टात, पण केव्हाही येऊ शकतात. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांच्या आत असेल तर काठ आणि रेलिंग सोडून गाडीत बसा. झाडाखाली नको. आणि नवाहो लूपची वॉल स्ट्रीट नावाची बाजू दगड पडल्यावर बंद ठेवतात. तसं असेल तर नवाहोच्या टू ब्रिजेस बाजूनं वर या.