मदत हवी आहे: जुन्या नृत्यनाटिकेचं चित्रण कसं करावं?

नमस्कार. आम्ही खानापूरच्या दहा-बारा जणी. आमच्या दिवंगत बाईंनी १९८६ साली बसवलेली पाऊण तासाची नृत्यनाटिका पुन्हा उभी करायची आहे. त्यानंतर ती दोनदाच झाली.

व्हीएचएस टेपला पांढरी बुरशी लागलीय. बेळगावात एका दुकानात दिली, तर पंधरा मिनिटंच निघाली, तीही कमरेवरची. पाय दिसतच नाहीत! (तेव्हा चित्रण करणारा लग्नाचा व्हिडिओवाला होता म्हणे.) संगीताची कॅसेट मात्र ठणठणीत आहे.

मूळ संचातल्या दोघी आहेत, दोघी सत्तरीपुढच्या. निपाणीच्या काकूंचे गुडघे गेलेत, त्या बसून तळहातांनीच पावलं दाखवतात. धारवाडच्या अक्का ‘ओंदु, एरडु’ मोजत उभ्याने करतात. तिसऱ्या प्रवेशात दोघींच्या गिरक्या नेमक्या उलट दिशेने!

अमेरिकेतले नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलन्शिन यांच्या बॅलेंसाठी मूळ नर्तक नव्यांना शिकवतात आणि ती तालीमच चित्रित करतात, असं वाचलं. तेच करणार आहोत. बाईंच्या मुलाची लेखी परवानगी आहे. लाबान लिपी (नृत्याच्या हालचाली चिन्हांनी कागदावर लिहायची पद्धत) शिकवणारं इकडे कुणी मिळालं नाही, आणि आता तेवढा वेळही नाही. हाताशी दोन मोबाइल आणि रविवारचा हॉल, बस्स.

तर ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा: काकू-अक्कांना आधी वेगवेगळं चित्रित करावं की एकत्र बसवून? दुसरा मोबाइल पाठीमागून लावावा का? आणि बेळगाव-कोल्हापूरकडे बुरशीची टेप साफ करणारं खात्रीचं कुणी आहे का?