मदत हवी आहे: क्रूझवर नाशिकची वाइन न्यायची आहे. नियम, कॉर्केज, ड्रिंक पॅकेज?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. आईबाबांच्या लग्नाला जूनमध्ये ४० वर्षं होतायत. भाऊ एडिसनला असतो. त्याने न्यू जर्सीतल्या बायोनच्या केप लिबर्टी बंदरातून सुटणारी रॉयल कॅरिबियनची बर्म्युडा क्रूझ ठरवली आहे. आम्ही सहा मोठे आणि १९ वर्षांचा भाचा.

बाबांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. आधी सगळी थॉमसन होती, म्हणजे खायची द्राक्षं. पुढे एका तुकड्यावर वाइनची द्राक्षं, शेनिन ब्लां (पांढरी) आणि शिराझ (लाल) लावली, तो माल करारावर वायनरीला जातो. बाबा एरवी घेत नाहीत, पण आपल्या मालाची वाइन कशी उतरली हे एक ग्लास चाखून बघतातच. लग्नाच्या वाढदिवसाच्या जेवणाला तीच वाइन टेबलावर असावी असं मला फार मनापासून वाटतं. जहाजावर जगभरच्या वाइन मिळतील, ही मिळणार नाही.

बाटल्या नाशिकहून विमानाने न्यायच्या आणि मग जहाजावर चढवायच्या. किती चालतात? कुठल्या बॅगेत ठेवायच्या? डायनिंग रूममध्ये आपली बाटली उघडू देतात का? आई अजिबात घेत नाही, तर तिच्या नावावर बाटली नेता येते का? शिवाय भाऊ म्हणतो सगळ्यांसाठी ड्रिंक पॅकेज, म्हणजे रोजचे ठरावीक पैसे भरून पेयं, घेऊन टाकू. ते घ्यावं का? जाणकारांनी कृपया सांगा.

हडसनकाठ:
गोदाकाठ, फार छान बेत आहे. आम्ही याच बंदरातून जातो, म्हणून क्रमाने सांगते.

रॉयल कॅरिबियनवर कायदेशीर वयाच्या प्रत्येक प्रवाशाला ७५० मि.ली.ची एक सीलबंद बाटली नेता येते, वाइन किंवा शॅम्पेन. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर हे वय २१. म्हणजे तुमच्या सहा बाटल्या, भाच्याची नाही. आई पितात की नाही हे कुणी विचारत नाही, त्यांच्या वाट्याची बाटली त्यांनी खुशाल न्यावी. बिअर, व्हिस्की, रम मात्र बाहेरून नेता येत नाही.

बाटली फक्त पहिल्या दिवशी, चढतानाच न्यायची आणि हातातल्या बॅगेत ठेवायची. बंदरावर हमालाकडे ज्या मोठ्या बॅगा देतो त्यांत नको. विमानतळासारखा १०० मि.ली.चा नियम इथे नाही, त्यामुळे बाटली हातात असली तरी सुरक्षा तपासणीत अडचण येत नाही.

केबिनमध्ये प्यायलात तर पैसे नाहीत. रेस्टॉरंटमध्ये किंवा बारमध्ये उघडलीत तर बाटलीमागे १५ डॉलर कॉर्केज, म्हणजे आपली बाटली तिथे उघडण्याचे पैसे. निघण्याआधी तुमच्या बुकिंगच्या अटींत हा आकडा एकदा बघून घ्या. वाढदिवसाच्या जेवणासाठी हे पैसे जरूर द्या, असं मी म्हणेन. वेटर बाटली थंड करून आणतो, योग्य ग्लास मांडतो, सगळ्यांना ओततो. उरलेल्या बाटलीवर केबिन नंबर लिहून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी परत आणून देतात.

चाकोरीबाहेर:
विमानाचं मी सांगतो. चेक-इन बॅगेतच न्या. ड्यूटी फ्रीमधून घेऊन हातात ठेवली आणि मधे विमान बदलायचं असेल, तर पुन्हा तपासणीत अडकू शकते. २४ टक्क्यांहून कमी अल्कोहोलच्या पेयांना विमानाच्या सामानात कडक दारूसारखी माणशी पाच लिटरची मर्यादा लागत नाही. वाइन साधारण १२ ते १४ टक्के, त्यामुळे मर्यादा आहे ती बॅगेच्या वजनाची.

अमेरिकेत उतरताना २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला एक लिटर करमुक्त. नाशिकहून तुम्ही चौघं येताय, तर चार बाटल्या म्हणजे तीन लिटर, आरामात बसतं. विचारलं की सरळ सांगा, लपवण्यासारखं काही नाही. आणि बाबांना हौस असली तरी बागेतली ताजी द्राक्षं बरोबर घेऊ नका, ती काढून घेतात.

बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट, मग जाड टॉवेलात, मग कडक बॅगेच्या अगदी मध्यभागी, चहूबाजूंनी कपडे. फिरकीच्या झाकणाची मिळाली तर उत्तम. आपल्याकडच्या बऱ्याच शेनिन ब्लां तशाच येतात, म्हणजे कॉर्कस्क्रूही शोधायला नको.

गोदाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. चार बाटल्या नक्की करते, दोन शेनिन आणि दोन शिराझ. पॅकेजचं कुणी सांगेल का? भाऊ आजच घेऊया म्हणतोय.

निळाई:
ताई, भावाला थांबवा! एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं की त्या केबिनमधल्या २१ वर्षांवरच्या सगळ्यांना घ्यावं लागतं. म्हणजे बाबांसाठी घेतलंत तर न पिणाऱ्या आईंचेही पूर्ण पैसे, तेही रोजचे. जेवणाबरोबर एखादा ग्लास घेणाऱ्यांना हे परवडत नाही. भाऊ-वहिनींची केबिन वेगळी आहे, त्यांना हवं तर त्यांनी घ्यावं. आईबाबांना लागेल तसं सुटं मागवा. सुट्या पेयावर १८ टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लागतो, तो हिशेबात धरा. पॅकेजच्या किमतीवरही तो वेगळा चढतोच.

७५० मि.ली.त दीडशेचे पाच ग्लास होतात. तुम्ही पाच जण पिणारे. त्या रात्री एक पांढरी, एक लाल उघडलीत की सगळ्यांना दोन्हींचा पूर्ण ग्लास. उरलेल्या दोन बाटल्या केबिनच्या बाल्कनीत बसून.

चाकोरीबाहेर:
धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी: हे सगळ्या कंपन्यांना लावू नका. कार्निव्हलवरही माणशी एकच बाटली. नॉर्वेजियनवर बाटल्यांवर बंधन नाही, पण प्रत्येक बाटलीचं कॉर्केज घेतात, केबिनमध्ये प्या नाहीतर कुठेही. डिस्नेवर प्रत्येक बंदरात माणशी दोन बाटल्या चालतात. एमएससीवर बाहेरची बाटली नेताच येत नाही. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियावरही नाही.

गोदाकाठ:
निळाई, वाचवलंत. भावाला फोन झाला, फक्त त्याच्या केबिनपुरतं घेतोय. एक काळजी आहे. बाबांना बोट लागते, अ‍ॅव्होमिन घेतात. त्याबरोबर वाइन चालेल का? जेवण दुसऱ्या रात्री ठरवलंय, तेव्हा जहाज भर समुद्रात असेल. तिसऱ्या रात्री ते बर्म्युडाला धक्क्यावर मुक्कामाला आहे.

डॉ_पारिजात:
अ‍ॅव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन. त्याने मुळातच गुंगी येते, दारूबरोबर ती बरीच वाढते. ज्येष्ठ माणूस, वर हलणारं जहाज, तोल जाऊन पडायची भीती खरी असते. एकाच दिवशी दोन्ही नको. त्यापेक्षा जेवण तिसऱ्या रात्री ठेवा. जहाज धक्क्याला बांधलेलं असेल, हलणार नाही, बाबांना गोळीची गरजही पडू नये. गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, म्हणून शेवटची गोळी कधी घेतली ते बघा. रक्तदाबाची किंवा साखरेची औषधं चालू असतील तर निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

हडसनकाठ:
डॉक्टरांशी सहमत, तिसरी रात्रच उत्तम. पहिल्या रात्री जेवायला बसाल तेव्हा वेटरला लग्नाचा वाढदिवस आणि तारीख सांगून ठेवा. ठरलेल्या वेळेचं जेवण निवडलंत तर रोज तेच टेबल, तोच वेटर, त्यामुळे निरोप विसरला जात नाही. त्या दिवशी दुपारीच शेनिनची बाटली त्याच्याकडे द्या. केबिनमधल्या छोट्या फ्रिजमध्ये ती नीट गार होत नाही. शिराझ फ्रिजमध्ये नको, तशीच न्या. मासे किंवा चिकन असेल तर आधी शेनिन. मटण किंवा मसालेदार भाजीबरोबर शिराझ.

बर्म्युडात काही बाटली घेतलीत, तिथली काळी रम प्रसिद्ध आहे, तर जहाजावर परतताना ती ठेवून घेतात आणि प्रवास संपताना देतात. घाबरू नका, पावती जपा.

गोदाकाठ:
तिसरी रात्र पक्की. भाऊ जेवणाची वेळ आजच बदलून घेतोय. कॉर्केज रोख द्यायचं की कार्डावर?

हडसनकाठ:
दोन्ही नाही. जहाजावर मिळणाऱ्या केबिनच्या कार्डावर चढतं, शेवटी एकत्र बिल येतं. आईबाबांच्या नको, तुमच्या केबिनवर लिहायला सांगा.