नोट्स सांगणे थांबवावे, तर वर्ग कसा चालवावा?

प्रश्न (प्राध्यापक, रत्नागिरी)
मी पदवीच्या वर्गांना वनस्पतिशास्त्र शिकवतो. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले विद्यार्थी इंग्रजी क्रमिक पुस्तक उघडतच नाहीत. मी सांगितलेल्या नोट्स उतरवतात आणि परीक्षेत तशाच लिहितात. जांभा सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) पावसाळ्यात उगवणारी कीटकभक्षी वनस्पती त्यांनी लहानपणापासून पाहिलेली असते, पण तिच्याविषयी एक प्रश्नही ते विचारत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. वर्ग कसा बदलावा?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, मालवण)
दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. नियमाने वर्षात ३० आठवडे प्रत्यक्ष अध्यापन व्हावे, परंतु दोन सत्रांच्या परीक्षा, अंतर्गत मूल्यमापन आणि महाविद्यालयाचा दर्जा तपासणाऱ्या मूल्यांकन समितीसाठीची कागदपत्रे यांतच शिक्षकाची शक्ती खर्च होते, आणि रिक्त पदांवर तासिका तत्त्वावर (तासागणिक मानधनावर) नेमलेल्या तरुणांना तर पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हेच ठाऊक नसते. आधी भरती व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर २ (माजी विद्यार्थिनी, देवरुख)
सर, भरतीची वाट न पाहता एक करता येईल. आम्हांला इंग्रजी संज्ञा कळत, वाक्ये कळत नसत. आमच्या मॅडम आधी मराठीत चर्चा घेत आणि मग इंग्रजी उतारा वाचायला लावत. आपण सड्यावरच एक प्रात्यक्षिक घ्यावे. मात्र दुपारच्या एसटीची वेळ सांभाळावी, नाहीतर गावाकडच्या मुली येणार नाहीत.