उताराच्या जागेवरची बाग: ठेकेदार, गवंडी आणि उद्यानरचनाकार यांच्या कामाची सीमा कुठे आखावी?

प्रश्न – अंगण (पुणे)

मी उद्यानविद्येची पदवीधर असून सहा वर्षांपासून पुणे परिसरात बागांची रचना करते. आतापर्यंतची माझी बहुतेक कामे बांधून पूर्ण झालेल्या घरांची होती. घर उभे राहत असतानाच बागेचे काम हाती घेण्याची ही पहिलीच वेळ आहे. जागा भोर तालुक्यातील असून वीस गुंठ्यांची आहे, आणि जोत्यापासून खालच्या ओढ्यापर्यंत ती साधारण 3 मीटर उतरते. हा उतार सपाट न करता त्याचे तीन टप्पे करावेत, टप्प्यांना कोरड्या रचाईचे, म्हणजे सिमेंटशिवाय नुसते दगडावर दगड रचलेले, बांध घालावेत आणि अर्धे जमिनीत गेलेल्या गॅरेजच्या स्लॅबवर हिरवळ करावी, असा आराखडा मी घरमालकांना दिला व त्यांनी तो मान्य केला.

ठेकेदार अतिशय जाणकार आहेत. त्यांच्याकडील पाथरवटांनी जोत्यासाठी घडवलेला काळा पाषाण पाहून मी स्वतः त्यांच्याकडून पुष्कळ शिकले. तरीही तीन गोष्टी बिनसल्या आहेत. मी आठवडाभर जागेवर जाऊ शकले नाही, तेवढ्यात गॅरेजला लागून असलेला वरचा बांध सिमेंटच्या मालात बांधून झाला आणि त्यात पाणी बाहेर पडायला एकही छिद्र ठेवलेले नाही. जिथे तामण आणि बहावा लावायचा आहे, नेमक्या त्याच कोपऱ्यात मिक्सर धुतला जातो, आणि पायाच्या खोदाईतून निघालेला मुरूम वरच्या चांगल्या मातीवर ओतला गेला आहे. तिसरी गोष्ट मला जास्त बोचते. दुसऱ्या बांधाची सुरुवात पाहून मी गवंड्यांना थेट दोन थर उतरवायला सांगितले. त्यांनी ते उतरवले, परंतु ठेकेदार फार दुखावले आणि ‘माझ्या माणसांना परस्पर सांगायचे असेल तर काम तुम्हीच घ्या’ असे म्हणाले.

कोरड्या बांधाचा माझा आग्रह चुकीचा आहे का? आणि ज्यांना बांधकाम माझ्याहून कितीतरी अधिक कळते अशा माणसांना बागेच्या बाजूने काय सांगावे, कसे सांगावे, आणि बागेतील दगडकाम मी माझ्या करारात घ्यावे की त्यांच्याकडेच ठेवावे?

उत्तर 1 – माळीवाडा (नाशिक)

मी बावीस वर्षे हेच काम करतो, म्हणून आधी तिसऱ्या गोष्टीबद्दल लिहितो, कारण ती सुटली नाही तर पहिल्या दोन सुटणार नाहीत. ठेकेदार दुखावले ते योग्यच झाले, असे मला वाटते. गवंड्याची हजेरी, त्याची उचल, त्याच्या कामाचा दर आणि त्याच्या हातून झालेल्या चुकीची भरपाई या सगळ्यांचा भार ठेकेदाराच्या डोक्यावर असतो. तुम्ही उतरवलेल्या दोन थरांची मजुरी कोणी द्यायची, हा प्रश्न तुमच्या मनात आला नसेल, पण त्यांच्या मनात तो त्याच क्षणी आला असणार. सूचना ठेकेदारालाच द्यावी आणि लेखी द्यावी. दिवस, जागा आणि बदलाचे कारण अशा तीन ओळी पुरतात. मात्र गवंड्यांशी बोलणे बंद करू नका. त्यांना विचारायचे असते, हुकूम द्यायचा नसतो, आणि ठेकेदार शेजारी उभे असताना विचारलेल्या प्रश्नाने कोणाचाही मान कमी होत नाही.

दुसरे म्हणजे तुमचा नकाशा. आपण उद्यानरचनाकार झाडांची वर्तुळे आणि पायवाटांची वळणे फार जिव्हाळ्याने काढतो, परंतु गवंडी काम करतो ते लाइनदोरी, ओळंबा आणि लेव्हलच्या नळीने. त्याला लागते ती पातळी. जोत्याचा माथा शून्य धरा आणि प्रत्येक टप्प्याचा, बांधाच्या माथ्याचा, बांधाच्या तळाचा व पाण्याच्या चरीचा आकडा त्या शून्याखाली किती मिलिमीटर, हे नकाशावर लिहून द्या. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी फुलांच्या वाफ्याची जागा दाखवली होती, पातळी दाखवली नव्हती. ठेकेदाराने वाफा नीटस बांधला, मी त्यात माती भरली, आणि ती माती जोत्याच्या ओल-प्रतिबंधक थराच्या वर गेली. पहिल्याच पावसाळ्यात आतल्या खोलीच्या भिंतीला ओल आली. बांधकामात दोष नव्हता. माझ्या कागदावर आकडा नव्हता. तेव्हापासून तयार मातीची पातळी त्या थराखाली निदान 150 मिलिमीटर ठेवल्याशिवाय मी नकाशा देत नाही.

आता माती. वरचा 15 ते 20 सेंटिमीटरचा थर हीच जागेवरची खरी ठेव असते आणि पायाची खोदाई सुरू होण्याआधीच तो काढून एका बाजूला रचायचा असतो. ढीग फार उंच करू नये, त्यावर वाहने जाऊ देऊ नयेत. तुमच्या बाबतीत ती वेळ निघून गेली आहे, तेव्हा मुरूम हाताने उचलून घ्यावा लागेल, आणि हे काम जमीन कोरडी असतानाच करावे. ओल्या मातीवर जेसीबी फिरला की ती इतकी दाबली जाते की पुढे कितीही खत घातले तरी मुळांना हवा मिळत नाही. मिक्सर धुतलेले पाणी अतिशय अल्कधर्मी असते. आमच्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत हा परिणाम लवकर दिसतो: इक्झोरा आणि मोगऱ्याची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. मिक्सर धुण्यासाठी वेगळा खड्डा द्या, त्याची जागा चुन्याने आखा, आणि झाडांच्या जागांभोवती बांबू व हिरवी जाळी लावा. ‘इथे टाकू नका’ हे सांगण्यापेक्षा ‘इथे टाका’ हे दाखवलेले लवकर पाळले जाते.

हे सगळे मोजमापाच्या तक्त्यात आयटम म्हणून लिहिलेले असावे. वरची माती काढून रचणे, राडारोडा खड्ड्यातच टाकणे, शेवटी जमीन दोन फूट सैल करून देणे, या प्रत्येकाचा दर ठरला पाहिजे. ज्याचे मोजमाप नाही ते काम चांगल्यात चांगला ठेकेदारही फुकट करणार नाही, आणि तशी अपेक्षा आपण ठेवणेही बरोबर नाही.

उत्तर 2 – ओळंबा (सातारा)

ताई, मी ठेकेदार आहे, माझे वडीलही याच व्यवसायात होते, म्हणून तुमच्या ठेकेदारांच्या जागी उभा राहून लिहितो.

तुमचा कोरड्या बांधाचा आग्रह चुकीचा नाही. भिंत पडते ती बहुतेक वेळा मातीमुळे पडत नाही, मागे तुंबलेल्या पाण्यामुळे पडते, आणि कोरड्या रचाईतून पाणी आपोआप निघून जाते. मात्र सिमेंट का वापरले गेले असेल, हेही समजून घ्या. बांध फुगला किंवा ढासळला तर पहिला फोन ठेकेदाराला येतो, उद्यानरचनाकाराला येत नाही. नकाशात तळाची रुंदी दिलेली नसेल तर तो आपल्या अनुभवाला जे खात्रीचे वाटते तेच करणार. मी एक मीटरपर्यंतच्या उंचीचा बांध कोरडा रचतो. तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी घेत नाही, दर सहा फुटांमागे एक फूट या हिशेबाने तोंडाला मातीकडे ढाळ देतो, पायाचे दगड कठीण मुरमात बसवतो आणि प्रत्येक दोन-तीन थरांनंतर भिंतीच्या पूर्ण रुंदीचे लांब दगड, म्हणजे हेडर, घालतो. मागे काळी माती थेट भरायची नाही, कारण ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. भिंतीलगत दगडाची कपची व खडी, त्यामागे मुरूम आणि वर माती असा भराव करावा. एक मीटरपेक्षा उंच बांध असेल, किंवा वर गाडी येणार असेल, तर मी अभियंत्याच्या सहीशिवाय एकही दगड लावत नाही.

झालेला सिमेंटचा बांध पाडायला लावू नका. त्यात तळाजवळ दर दीड मीटरवर 75 मिलिमीटरचा पाइप बसेल इतकी छिद्रे कोअर कटरने पाडून घेता येतात. मागची माती उपसून तिथे एक फूट जाडीची खडी आणि तिच्यावर कापडी जाळी घालावी, म्हणजे छिद्रे बुजणार नाहीत. हे जूनच्या आधी व्हायला हवे.

आता जे कोणी उघडपणे बोलत नाही ते सांगतो. दर कोणत्या कामाचा ठरला होता, हे एकदा विचारा. दगडकामाचा दर आमच्याकडे ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर ठरतो. सिमेंटच्या मालात दगडाची उणीव माल भरून काढतो. कोरड्या रचाईत प्रत्येक दगड हातात घेऊन, फिरवून, त्याची बैठक पाहून लावावा लागतो. त्याच ब्रासला कितीतरी जास्त दिवस जातात. दोन्हीला एकच दर धरला गेला असेल, तर गवंड्याने सिमेंटकडे वळणे हा त्याच्या कारागिरीचा दोष नाही, आणि तुमच्या नकाशाचा अनादरही नाही. त्याच्या आठवड्याच्या मजुरीचा तो साधा हिशेब आहे.

उत्तर 3 – कैची (पुणे)

मी स्ट्रक्चरल अभियंता आहे आणि प्रश्नातील एका वाक्यावरच लिहितो: गॅरेजच्या स्लॅबवरील हिरवळ. वापरात असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 150 किलो इतका चल भार, म्हणजे माणसे व सामान यांचा बदलता भार, धरलेला आहे. पूर्ण भिजलेल्या मातीचा 30 सेंटिमीटरचा थर एकटाच चौरस मीटरला 500 ते 550 किलो भरतो, आणि तो कायमचा भार असून चल भार त्यावर वेगळा येतो. नेहमीच्या गच्चीसाठी काढलेला स्लॅब हे पेलेल असे कोणीही गृहीत धरू नये. मातीची जाडी, मिश्रण आणि झाडांचा प्रकार तुम्ही लिहून द्या, आणि स्लॅब टाकण्यापूर्वी मूळ अभियंत्याकडून त्याला लेखी मान्यता घ्या. स्लॅब आधीच टाकून झाला असेल तर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळलेले हलके मिश्रण वापरून थर कमी करणे एवढाच मार्ग उरतो, आणि तोही हिशेब तपासूनच. भरताना ट्रॉलीभर ओली माती एका ठिकाणी ओतू देऊ नका. मीटरभर उंच ढिगाचा भार तिथे चौरस मीटरला पावणेदोन टनांच्या आसपास जातो.

वॉटरप्रूफिंग ठेकेदाराचे आणि माती तुमची, अशी वाटणी असते तिथे गळतीचा वाद हमखास होतो. कोबा, म्हणजे स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर, झाल्यावर निदान 48 तास पाणी साठवून तपासणी करावी आणि ठेकेदार, तुम्ही व घरमालक अशा तिघांनी खालचे छत पाहून कागदावर सह्या कराव्यात. कोब्याचा गोळा, म्हणजे कडेच्या भिंतीवर चढवलेली त्याची गोलाई, तयार मातीच्या वर निदान 15 सेंटिमीटर चढलेला असावा. मुळे अडवणारा थर आणि त्यावर संरक्षक थर झाल्याशिवाय माळ्याची टिकाव तिथे चालू देऊ नका.

उत्तर 4 – गडगा (रत्नागिरी)

आमच्याकडे आंबा-काजूच्या बागांभोवती जांभ्या दगडाचे कोरडे गडगे, म्हणजे रचलेले बांध, असतात, आणि कोकणातला पाऊस वर्षानुवर्षे सोसून ते उभे आहेत; पाणी त्यांच्यातून वाट काढते, म्हणूनच. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. दगड घडवणारा हात आणि गडगा रचणारा हात हे नेहमी एकाच माणसाचे नसतात. जोत्याचा चिरा नेमका घडवणारा कारागीर खडबडीत दगड तसाच लावायला मनापासून तयार होत नाही, कारण घडवल्याशिवाय लावलेला दगड त्याला अपुरे काम वाटते. त्याला चित्र दाखवू नका. जागेवर एक मीटर लांबीचा नमुना रचून घ्या, त्याचे पैसे वेगळे द्या, आणि तो नमुना सगळ्यांनी मान्य केला की काम संपेपर्यंत तसाच राहू द्या.

प्रश्नकर्ती – अंगण (पुणे)

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. काल मी ठेकेदारांकडे गेले, गवंड्यांना परस्पर सांगितल्याबद्दल त्यांची क्षमा मागितली आणि उतरवलेल्या दोन थरांची मजुरी माझ्या बिलातून देण्याचे ठरवले. त्यानंतर दराविषयी विचारले. साताऱ्याच्या दादांनी लिहिले तसेच निघाले: कोरड्या रचाईचा वेगळा दर कोणी धरलेलाच नव्हता, आणि माझ्या नकाशात ‘दगडी बांध’ एवढेच दोन शब्द होते. आता खालचे दोन बांध कोरडे होतील. दोन्हींची उंची 90 सेंटिमीटर, तळाची रुंदी 50 सेंटिमीटर आणि दर वेगळा. उतार तेवढ्याने भागत नाही, म्हणून टप्प्यांच्या मधली जमीन थोडी ढाळावर ठेवून तिथे गवत लावणार आहे. हा बदल घरमालकांनी मान्य केला आहे. वरचा सिमेंटचा बांध राहील, त्यात छिद्रे पाडून मागे खडी भरली जाईल. दगडकाम ठेकेदारांच्याच करारात ठेवले आहे. पातळ्यांचा नकाशा मी त्यांच्या सोबत बसून पुन्हा काढला, तेव्हा ओढ्याकडच्या चरीचा उतार मी उलटा दाखवला असल्याचे त्यांनीच लक्षात आणून दिले.

गॅरेजचा स्लॅब अजून टाकायचा आहे. अभियंत्यांना मातीची जाडी 25 सेंटिमीटर कळवली असून त्यांचे उत्तर येईपर्यंत सेंट्रिंगचे काम थांबवले आहे. तामणाच्या कोपऱ्यातील सिमेंट मिसळलेली माती दोन फूट खोल काढून टाकण्याचे काम सोमवारी सुरू होईल, आणि गडग्याचा नमुना रचण्यासाठी ठेकेदारांनी वेल्ह्याकडचे एक वयस्कर कारागीर स्वतःहून बोलावले आहेत.