तीन वर्षं उभं असलेलं सेस्ना १७२ घ्यावं का?

केळीवाला_रावेर:

राम राम मंडळी. मी रावेर तालुक्यातला, घरी केळीच्या बागा. पीपीएल (खासगी वैमानिकाचा परवाना) काढून तीन वर्षं झाली. आतापर्यंत ११२ तास झालेत, जवळपास सगळे सेस्ना १७२ या चार आसनी विमानावर. मावसभाऊ सावद्याला असतो, त्याचाही परवाना आहे. दोघांनी निम्मे-निम्मे पैसे घालून स्वतःचं विमान घ्यायचं ठरवलंय. फ्लाइंग क्लबचं विमान मिळतं ते त्यांच्या वेळेला. विद्यार्थ्यांची रांग असली की आम्ही दोघं दिवसभर बाकावर बसून परत येतो.

एक विमान बघितलंय, दुसऱ्या राज्यात आहे. सेस्ना १७२ एम, १९७५ चं, इंजिन लायकमिंग ओ-३२०-ई२डी, १५० अश्वशक्तीचं. ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखं करणं) २००८ मध्ये झालं, त्यानंतर ११५० तास. म्हणजे पुढच्या ओव्हरहॉलपर्यंतच्या २००० पैकी ८५० तास शिल्लक, असं मालक सांगतात. तीन वर्षांपासून हँगरमध्ये उभं आहे. एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट (विमान उडण्यायोग्य असल्याचा दाखला) संपलेलं आहे, पण "दर महिन्याला इंजिन सुरू करून अर्धा तास चालवतो, त्यामुळे एकदम ठणठणीत" असं ते म्हणाले. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन ८० पैकी ७४ ते ७७ दाखवलं. किंमत आमच्या आवाक्यात बसते.

आमचा विचार असा की घेतल्या घेतल्या पॅनेल नवीन करायचं. जुनी व्हॅक्यूमवरची गोल घड्याळं काढून दोन इलेक्ट्रॉनिक डिस्प्ले, नवा जीपीएस आणि रंगकाम. सातपुड्याच्या पायथ्याने तापीकाठच्या हिरव्या पट्ट्यावरून जायचं, तर विमानही मनासारखं असावं असं वाटतं. जाणकारांनी सांगावं: घ्यावं का, आणि पैसा आधी कशावर लावावा?

सातपुड्याचा_वारा:

भाऊ, मी शिकवतो, त्यामुळे उडण्याच्या बाजूचं सांगतो. तुझे ११२ तास कोणत्या महिन्यांतले आहेत ते लॉगबुकात बघ. जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ८४० फुटांवर. मे महिन्यात दुपारी ४४ अंश असले की इंजिनाला आणि पंखाला ती हवा साडेचार हजार फुटांच्या वरची वाटते. दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद कमी धर. १५० मधली २० अश्वशक्ती तिथेच जाते. त्यात पंख आणि प्रॉपेलर दोघांनाही विरळ हवेत कमी पकड. १७२ एमचं कमाल वजन २३०० पौंड, म्हणजे १०४३ किलो. चार जण बसवून टाकी भरली तर हिशेब बसत नाही. दोघं माणसं, अर्धी टाकी आणि सकाळी साडेआठच्या आत चाकं जमिनीवर, हा आपल्याकडचा उन्हाळ्याचा नियम. घरच्यांना एकेक करूनच फिरव.

आणि खासगी वर्गात नोंदलेल्या विमानात कोणाकडून भाडं घेता येत नाही. गावात लोक विचारतील, लग्नात फुलं टाकायची का म्हणतील. नाही म्हणायची तयारी आत्ताच ठेव.

गोंदूरचे_आप्पा:

बाळा, तुझी पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी उठून सविस्तर लिहितो. मी चौतीस वर्षं पिस्टन इंजिनांच्या विमानांवर काम केलं. आता निवृत्त आहे, धुळ्यात देवपूरला असतो.

तुझ्या पोस्टमधलं सगळ्यात वाईट वाक्य कोणतं, तर "दर महिन्याला अर्धा तास चालवतो". मालक खोटं बोलत नसेल. त्याला मनापासून वाटत असेल की आपण काळजी घेतोय. पण त्याने इंजिन बंद ठेवून, आत संरक्षक ऑइल घालून, प्लगच्या जागी ओलावा शोषणारे प्लग लावून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. त्यातली थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरते. ते पाणी उडून जायला ऑइल ७५ ते ९० अंशांवर चांगला वेळ राहायला हवं, आणि ते हवेत तासभर उडाल्यावरच होतं. जमिनीवर उभ्या विमानात सिलिंडर नको तितके तापतात, ऑइल मात्र कोमटच राहतं. म्हणजे दर महिन्याला या माणसाने इंजिनात थोडं थोडं पाणी आणि आम्ल भरलं, आणि झाकण लावून ठेवलं. असं छत्तीस वेळा.

आता या लायकमिंगची रचना बघ. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर बसवलेला आहे. इंजिन थांबलं की त्याच्यावरचं ऑइल निथळून खाली जातं. काही दिवसांत लोब (कॅमशाफ्टवरचे उंचवटे) कोरडे पडतात आणि त्यांच्यावर गंजाचे बारीक ठिपके येतात. पुढच्या वेळी सुरू केलं की टॅपेटचं (लोबवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचं) तोंड त्या ठिपक्यांवरून घासतं, खड्डे पडतात, पुढे पोलादाचे पापुद्रे निघतात. आमचे वडील बैलगाडीबद्दल अहिराणीत म्हणायचे, "उभी गाडी सडस." मी ते विमानाच्या हँगरमध्ये पाहिलं.

कॉम्प्रेशन ७६ आलं म्हणून इंजिन चांगलं, असं मी एकदा स्वतः सांगितलंय. एका डॉक्टरांना विमान घ्यायचं होतं. दोन पावसाळे समुद्रकाठी उभं असलेलं होतं. मी चारही सिलिंडर तपासले, आकडे उत्तम आले, मी "घ्या" म्हणालो. साठ तासांनी ऑइल फिल्टर कापला तर घड्यांमध्ये चमचमणारी भुकटी. कॅमचे दोन लोब झिजून गेले होते. डॉक्टरांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, त्याचं मला जास्त लागलं. कॉम्प्रेशन सांगतं ते रिंगांचं आणि व्हॉल्व्हचं. कॅमबद्दल ते काहीच सांगत नाही. त्या दिवसानंतर मी उभ्या विमानाचा एक सिलिंडर उतरवल्याशिवाय मत दिलं नाही.

तूही तेच कर. तुझा स्वतःचा इंजिनिअर ने, बी१.२ म्हणजे पिस्टन विमानांचा परवाना असलेला, मालकाच्या ओळखीचा नको. मालकाची लेखी परवानगी घे, एक सिलिंडर उतरवा, बॅटरी मारून आत कॅम आणि टॅपेट डोळ्यांनी बघा, फोटो काढा. ई२डीचे टॅपेट छत्रीसारखे असतात, क्रँककेस (इंजिनाचं मुख्य कवच) उघडल्याशिवाय ते बाहेर निघत नाहीत. म्हणजे खड्डे दिसले तर दुरुस्ती छोटी नाही, पूर्ण इंजिन उघडावं लागेल. मालक परवानगी देत नसेल तर परत ये.

दुसरं, ते "८५० तास शिल्लक". लायकमिंगची शिफारस २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते. २००८ चं ओव्हरहॉल म्हणजे २०२० लाच मुदत झाली. विमानाच्या मंजूर देखभाल कार्यक्रमात नेमकं काय लिहिलंय ते वाच, पण किंमत ठरवताना इंजिनाचं उरलेलं आयुष्य शून्य धर. त्यावरच सौदा कर.

कागद बघताना घाई नको. मूळ लॉगबुकं हवीत, झेरॉक्स नाही. इंजिनाच्या पाटीवरचा क्रमांक लॉगबुकाशी जुळवून बघ. एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हची (सुरक्षेसाठीच्या सक्तीच्या सूचनांची) यादी एकेक ओळ करून तपास. सेस्नात एक खास सांगतो: सीटचे रूळ. छिद्रं झिजली किंवा खिळ कमी बसली की उड्डाण घेताना, नाक वर असताना, सीट मागे सरकते आणि माणूस आधाराला स्टिअरिंग घट्ट धरून स्वतःकडे ओढतो. माणसं गेली आहेत यात. दर १०० तासांनी रूळ तपासायचे असतात, त्याची नोंद आहे का बघ. आणि पंखावरची टाकीची झाकणं जुन्या सपाट पद्धतीची असतील तर रबर गेलेलं असतं, पावसाचं पाणी सरळ टाकीत. खालून नमुना काढला की निळं पेट्रोल वर आणि पाणी तळाला थेंबासारखं दिसतं. छत्रीसारखी झाकणं बसवून घे. हे अपग्रेड डिस्प्लेच्या आधीचं.

पॅनेलबद्दल. मी नव्याच्या विरोधात नाही. व्हॅक्यूम पंप न सांगता जातो, इलेक्ट्रॉनिक कृत्रिम क्षितिज खरंच चांगलं. पण भिंतीवर घड्याळ टांगावं तसं ते बसत नाही. त्या मॉडेलसाठी मंजूर झालेला बदल हवा, डीजीसीएची (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची) मान्यता हवी, वायरिंग, मग वजन आणि तोल पुन्हा काढणं, पुस्तिकेत पुरवणी. काम चालू असताना विमान पुन्हा महिनोन् महिने उभं. इंजिन आधीच खराब आणि वर नवं पॅनेल, अशी विमानं मी कोपऱ्यात धूळ खाताना पाहिली आहेत. म्हणून माझ्या मनातला क्रम सांगतो. आधी इंजिन. त्याच्यासोबतच चारही सिलिंडरचं तापमान दाखवणारा मॉनिटर, कारण आपल्या उन्हात तोच तुझं इंजिन वाचवेल. मग ४०६ मेगाहर्ट्झचा ईएलटी (अपघातात आपोआप संकटाचा सिग्नल देणारं यंत्र) चालू आणि नोंदलेला आहे याची खात्री, कारण जुन्या १२१.५ चे सिग्नल उपग्रहांनी २००९ पासून ऐकणं बंद केलंय. मग दोन्ही पुढच्या सीटना खांद्याचे पट्टे. डिस्प्ले त्यानंतर, आणि रंग सगळ्यात शेवटी.

आपल्या भागातलं थोडं. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, एअर फिल्टर पुस्तकातल्या तासांची वाट न बघता बदल. कुंभारीण माशी दोन दिवसांत पिटॉट नळी (हवेतला वेग मोजणारी) मातीने बुजवते, कव्हर काढून ठेवायचं नाही. काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) तोंडाला बुच्चे हवेतच, नाहीतर साळुंक्या आठवड्यात काड्यांचं घरटं करतात आणि गरम इंजिनावर ते पेटतं. ई२डी हे ८० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनलेलं इंजिन, आपण त्यात १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल घालतो. शिसं जास्त, प्लग भरतात. टॅक्सी करताना (जमिनीवर चालवताना) पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, ठेवायची सवय लाव. ऑइल ५० तासांनी बदल, तास झाले नाहीत तरी चार महिन्यांनी बदल. फिल्टर फेकू नकोस, कापून बघ.

आणि दहा दिवसांतून एकदा तरी तासभर उडव. जमत नसेल तर विमान घेऊ नकोस, क्लबच्या बाकावरच बस. हे मी रागाने नाही सांगत.

निम्मा_वाटा:

आम्ही तिघं मिळून एक विमान सांभाळतो, तर पैशाबद्दल एवढंच. मावसभाऊ असला तरी लेखी करार करा. आम्ही प्रत्येक उड्डाणाच्या तासामागे एक रक्कम इंजिनाच्या वेगळ्या खात्यात टाकतो, पेट्रोलचे पैसे निराळे. विमा, हँगर, इंजिनिअर आणि सर्टिफिकेटचं दरवर्षीचं नूतनीकरण हा खर्च विमान उडो न उडो समान वाटायचा. एक जण बाहेर पडला तर त्याचा वाटा कशा हिशेबाने घ्यायचा, तेही आधीच लिहा. १७२ ला तासाला तीसेक लिटर लागतं आणि एव्हीगॅस (विमानाचं पेट्रोल) रस्त्यावरच्या पंपावर मिळत नाही. विमान ठेवायची जागा ठरवताना ते तिथे कोण पुरवणार हे आधी पक्कं करा.

केळीवाला_रावेर:

आप्पा, तुमचं उत्तर छापून मालकांसमोर ठेवलं. ते आधी नाराज झाले, मग स्वतःच म्हणाले, उतरवा. काल तीन नंबरचा सिलिंडर काढला. आमच्या इंजिनिअरने आरसा घालून दाखवलं. एका लोबवर तपकिरी पट्टा आणि टॅपेटच्या तोंडावर टाचणीच्या टोकाएवढे सात-आठ खड्डे. ऑइल काळपट, त्याला आंबूस वास. मालक बराच वेळ त्या भोकातून बघत उभे राहिले. त्यांच्या वडिलांचं विमान आहे, विकायची वेळ आली म्हणून तेही हळवे झालेले. सीटच्या रुळांची शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची आहे. सांगाडा मात्र स्वच्छ आहे, पंखांच्या मुळाशी गंज नाही, जुना अपघात नाही, मूळ लॉगबुकं सगळी आहेत.

ओव्हरहॉलचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करायला ते तयार झालेत. डिस्प्लेचा विचार दोन वर्षं पुढे ढकलला. मावसभावाला वाईट वाटलं, पण फोटो बघितल्यावर तोही गप्प झाला. आता एकच विचारायचंय. इंजिन ओव्हरहॉलला गेल्यावर विमान तिथेच ठेवावं की पंख उतरवून ट्रकने इकडे आणावं?

गोंदूरचे_आप्पा:

तिथेच ठेव. पंख उतरवून ट्रकवर घातलेलं विमान पुन्हा जुळवताना आणि तपासताना जो खर्च होतो त्यात तुझे शंभर तास उडून होतील, आणि वाटेत कुठे पोचा बसला तर निराळंच. इंजिन तेवढं पेटीत पाठव. टाक्या रिकाम्या करून वाळव, टायरवरचा भार जॅकने काढ, काचांवर सुती कापड टाक, प्लास्टिक नको.

ओव्हरहॉल झालेलं इंजिन बसवल्यावर पहिले काही तास त्याला जोरात आणि सलग चालवावं लागतं, म्हणजे रिंगा सिलिंडरला नीट बसतात. ते काम मे महिन्यात करू नको, सिलिंडर भाजतील. नोव्हेंबर उजाडू दे. तेव्हा पहाटे जळगावला १५ अंश असतात, हवा जड असते. घेऊन येशील त्या दिवशी मला कळव. मी येतो, पहिल्या २५ तासांचा फिल्टर आपण दोघं मिळून कापू.