नागपुरातल्या गल्लीत सुशी: सॅमनचा हट्ट सोडा, भाताकडे बघा

प्रतापनगरकर

आमच्या भागात मागच्या वर्षी सुशीचं, म्हणजे व्हिनेगर लावलेल्या भाताच्या जपानी पदार्थाचं, एक छोटं हॉटेल उघडलं. मोजकी टेबलं, समोर काउंटर, काउंटरमागे दोन मुलं बांबूच्या चटईवर रोल वळतात. संध्याकाळी कॉलेजची पोरं असतात, आठनंतर आईवडिलांना घेऊन आलेली कुटुंबं. सोसायटीच्या ग्रुपवर यावरून चांगलीच जुंपली. एक गट म्हणतो, समुद्र कुठे आणि नागपूर कुठे, नुसता समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटरचा, इथे सुशी खाणं म्हणजे पैसे फेकणं. दुसरा गट म्हणतो, सॅमन मासा नॉर्वेहून येतो, म्हणजे माल अस्सल आहे. मला दोन्ही पटत नाही.

समुद्र लांब असणं ही सुशीपुढची जुनीच अडचण आहे. जपानातल्या नारा प्रांताला किनारा नाही. तिथे खारवलेला बांगडा डोंगर ओलांडून यायचा, त्याचे काप भातावर दाबून पर्सिमन या फळझाडाच्या पानात गुंडाळायचे. आजही ती तिथली खासियत आहे. बिवा तलावाच्या काठी तर गोड्या पाण्यातला मासा मिठात घालून मग भातात महिनोन्‌महिने मुरवतात. हाताने भात वळून वर माशाचा काप ठेवायची पद्धत एडोत, म्हणजे आजच्या तोक्योत, १८२० च्या दशकात रुळली. हानाया योहेई या विक्रेत्याचं नाव तिच्याशी जोडलं जातं. बर्फ नव्हता, म्हणून तेव्हाही मासा सोया सॉसमध्ये मुरवलेला, व्हिनेगर लावलेला किंवा उकडलेला असायचा. आणि ज्या सॅमनसाठी आपण जीव टाकतो, तो जपानी लोक कृमींच्या भीतीने कच्चा खातच नव्हते. १९८० च्या दशकात नॉर्वेने मत्स्यशेतीत वाढवलेला सॅमन तिथे नेऊन विकला, तेव्हा कुठे तो सुशीवर चढला.

म्हणून माझं म्हणणं असं की गल्लीतल्या हॉटेलने कच्च्या सॅमनचा सोस सोडावा. शिजवलेली कोळंबी, गोडसर ऑम्लेट, काकडी, तळलेल्या टोफूच्या (सोयाबीनच्या पनीरच्या) पिशवीत भरलेला भात, एवढं मनापासून करावं. आणि जोखायचंच तर भातावर जोखावं. चांगला तुकडा बोटांत सुटत नाही, तोंडात मात्र दाणा न् दाणा मोकळा होतो. भात कोमट हवा, अंगाच्या उबेइतका. आंबट, गोड, खारट तिन्ही चवी लागाव्यात, पण एकीनेही दुसरीला दाबू नये. आमचं हॉटेल संध्याकाळी सातला हा भात फार सुंदर देतं. दुपारी तीनला तोच भात फ्रीजमधून येतो आणि दाताखाली करकरतो. सॅमन आहे की नाही यापेक्षा या तीन आणि सातमधल्या फरकाबद्दल आपण भांडायला हवं.

नागोया_ते_नागपूर

इतिहास बरोबर मांडलात, निष्कर्ष मात्र पटला नाही. नोकरीमुळे मी काही वर्षं जपानात होतो. तिथे फिरत्या पट्ट्यावरची सुशी १९५८ साली ओसाकात सुरू झाली आणि आज ती सर्वसामान्यांचं जेवण आहे. लहान मुलं तिथे मका-मेयोनीज लावलेली सुशीही खातात. त्यामुळे काकडीच्या रोलला मी नाक मुरडणार नाही.

पण नाराचं उदाहरण देऊन तुम्ही मासाच बाजूला ठेवताय, हे कसं? नाराच्या लोकांनी मासा सोडला नाही, तो टिकवायची विद्या शिकून घेतली. मीठ किती, किती वेळ, व्हिनेगर कधी, ही मेहनत आहे. इथल्या हॉटेलांना ती नको आहे. इथे रोलमध्ये क्रीम चीज, वर तळलेला चुरा, त्यावर तीन रंगांचे सॉस. तुम्ही भात जोखा म्हणता, पण या सगळ्याखाली भात जिभेला लागतो तरी का? मासा काढून टाकलात की मेयोनीज थांबवायला ताटात काही उरत नाही.

वऱ्हाडी_ठसका

प्रतापनगरकर भाऊ, तुमचं सारं वाचलं. पण तुम्ही भावाचं काईच नाही लिहिलं. आठ तुकडे चारशे रुपयाले. दोघं जन गेले का हजार-बाराशे गेलेच, अन् घरी येऊन पोयी-भाजी खाच लागते. तेवढ्यात सावजीत चार जन पोट भरून जेवतेत. गल्लीतलं हॉटेल म्हनता ना, मंग गल्लीतल्या मानसाले परवडलं पाह्यजे. नाही तं ते रामदासपेठेतल्या मोठ्या हॉटेलासारखंच झालं, फक्त टेबलं कमी.

चवीचं म्हनाल तं मले ते फिक्कं लागते, पन ते माह्या जिभेचं झालं. भावाचं तसं नाही.

प्रतापनगरकर

ठसका भाऊ, भावाचा मुद्दा मान्य. नोरी, म्हणजे रोलभोवती गुंडाळायचा समुद्री शेवाळाचा कागद, बाहेरून येते, व्हिनेगर बाहेरून येतं, बऱ्याच ठिकाणी तांदूळही. पण सगळ्यात महागडी वस्तू सॅमन, आणि ती विकली नाही तर दोन दिवसांत फेकावी लागते. तो खर्च शेवटी काकडीच्या रोलवर बसतो. सॅमन काढा म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

चटईवाला

मी याच धंद्यात आहे, शहरातल्या दुसऱ्या एका हॉटेलात रोल वळतो. वरचं गणित खरं आहे, पण अर्धंच आहे. मेनूत सॅमन नसेल तर गिऱ्हाईक दारातून परत जातं. आत येतं, सॅमनचा फोटो बघतं, ‘इथे खरी सुशी मिळते’ अशी खात्री करून घेतं आणि मागवतं पनीर टिक्का रोल. हे मी रोज बघतो. मालकाने एकदा सॅमन बंद करून पाहिलं, तर पनीर टिक्का रोलचीसुद्धा विक्री पडली.

भाताचं बोललात ते वाचून बरं वाटलं, कारण त्याबद्दल कुणी विचारत नाही. शिजला की रुंद भांड्यात काढायचा, व्हिनेगर-साखर-मीठ शिंपडत उलथन्याने कापत कापत मिसळायचा आणि पंख्याने वारा घालायचा. ढवळला तर दाणा फुटतो आणि लगदा होतो. आमच्या मेच्या ४५ अंशांत एसी बंद पडला की भात निवतच नाही, पावसाळ्यात नोरी डबा उघडल्या उघडल्या मऊ पडते. दुपारचा ताजा भात लावायचा तर दुपारी गिऱ्हाईक हवं. तीन वाजता दोन टेबलांसाठी नवा भात कोण लावणार?

सूक्ष्मजीव

मी अन्नसुरक्षा शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कच्च्या माशातल्या कृमींसाठी अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याचा दंडक असा: उणे २० अंश सेल्सियसला ७ दिवस, किंवा उणे ३५ ला कडक गोठवून त्याच तापमानाला १५ तास. मत्स्यशेतीतल्या, खाद्यावर वाढवलेल्या सॅमनला यातून बरीच सूट मिळते, पण गोठवून जिवाणू मरत नाहीत. विमानतळ ते हॉटेल या प्रवासात बर्फ वितळला तर पुन्हा गोठवून काही साधत नाही.

नागोयावाल्या दादांनी बांगडा खारवायचा आग्रह धरला आहे, तिथे मला काळजी वाटते. बांगडा, ट्यूना हे मासे उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते एकदा तयार झालं की शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, व्हिनेगरनेही जात नाही. अंगावर लाल चट्टे, डोकेदुखी, उलट्या. नाराच्या लोकांकडे यायचा तो बांगडा पकडल्यावर लगेच किनाऱ्यावर खारवलेला असायचा, गावात पोचल्यावर नव्हे. नागपुरात पोचलेल्या बांगड्याला मीठ लावणं हा वेगळा प्रकार झाला.

आणि भात निरुपद्रवी समजू नका. शिजवलेला भात उबेत ठेवला की बॅसिलस सिरियस हा जिवाणू वाढतो. सुशीचा भात बाहेर ठेवता येतो तो व्हिनेगरमुळे, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली असेल तरच. आपल्याकडे जिभेला आंबट लागू नये म्हणून व्हिनेगर कमी करतात, साखर वाढवतात. मग तो साधा, बाहेर राहिलेला भात होतो. प्रतापनगरकर, तुम्हाला आवडलेला कोमट भात सुरक्षित आहे की नाही, हे जिभेला कळत नाही. दुपारचा फ्रीजमधला भात करकरीत असेल, पण मी तोच खाईन.

नागोया_ते_नागपूर

हिस्टामिनचं मान्य. बंदरावरच खारवलेला, गोठवून आणलेला मासा मागवता येतो, मी त्याबद्दल बोलत होतो. तो सॅमनपेक्षा स्वस्त पडेल. मासा हाताळायची तयारी हवी, हा माझा मुद्दा तसाच राहतो.

भंडाऱ्याची_लेक

इतका वेळ सगळे बांगडा आणि सॅमनच करताय. आपल्या पूर्व विदर्भात मामा तलाव आहेत, मालगुजारीच्या काळातले. ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या त्यात मासेमारी करतो. मरळ आहे, झिंगे आहेत, रोहू-कतला आहेत. माझ्या माहेरी मरळ विस्तवावर भाजून वर नुसतं मीठ-लिंबू लावतात, काटेही कमी. तो काप आंबटगोड भातावर ठेवून बघा. नाराच्या पर्सिमनच्या पानाचं वाचलं तेव्हा मला आपला तेंदू आठवला. दोन्ही झाडं एकाच डायोस्पायरॉस वंशातली. इतकं जवळचं हाताशी असताना नॉर्वेकडे का बघायचं?

आणि भात? चिन्नोर पिकवणारी माणसं आपण. हॉटेलवाले बाहेरून तांदूळ का मागवतात?

सूक्ष्मजीव

ताई, भाजलेला मरळ उत्तम. वाचणाऱ्या सगळ्यांसाठी एकच गोष्ट जोडतो: तलावातला मासा कच्चा कधीही खाऊ नये. गोड्या पाण्यातल्या माशांतून यकृतातल्या चपट्या कृमींची लागण होते.

नागोया_ते_नागपूर

चिन्नोर मलाही प्रिय आहे, पण वरणासोबत. सुशीला आखूड, जाड, चिकट दाणा लागतो, ज्यात अमायलोज, म्हणजे दाणा मोकळा ठेवणारा स्टार्च, कमी असतो. म्हणून तो गार झाला तरी धरून राहतो. चिन्नोरचा सुगंध व्हिनेगरशी भांडेल आणि दोघांचंही नुकसान होईल. मरळाबद्दल मात्र तुम्ही मला विचारात पाडलंत.

चटईवाला

चिन्नोर घरी करून पाहिला आहे. रोल कापताना कडा ढासळतात. थोडा चिकट तांदूळ मिसळला तर धरतो, वास मात्र उरतो. मला तो वास आवडला, आमच्या मालकांना नाही.

धंतोलीची_शाकाहारी

मला वेगळंच सांगायचं आहे. आम्ही घरचे सगळे शाकाहारी, आणि नागपुरात सुशी हॉटेलांचा बराच धंदा आमच्यासारख्यांवर चालतो. तरी मेनूतल्या हिरव्या ठिपक्यावर माझा विश्वास नाही. मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) टोफू-कांदापातीचं दिसतं, पण त्याचं पाणी बहुतेक ठिकाणी सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं असतं. मी विचारलं तेव्हा वाढणारा मुलगा म्हणाला, मॅडम, सूपमध्ये मासा नाही, फक्त स्टॉक आहे! तीच चटई, तीच सुरी माशाला आणि आमच्या काकडीला. सॅमन ठेवायचा की काढायचा हे तुम्ही ठरवा, आम्हाला आधी चटई वेगळी हवी.

आणि शाकाहारी रोल म्हणजे पनीर टिक्का नि मेयोनीजच का? जपानात दुधी भोपळ्याच्या पट्ट्या वाळवून, सोया-साखरेत शिजवून रोलमध्ये घालतात. कान्प्यो म्हणतात त्याला. बहुतेक सगळा तोचिगी प्रांतातून येतो, आणि तोचिगीलाही समुद्र नाही. वाळवणं आपल्या गच्चीवर दरवर्षी होतात. दुधी इथे कुणालाही परवडतो, ठसका भाऊंनाही.

वऱ्हाडी_ठसका

दुधीचा रोल दीडशेत द्या, मी पोराइले घेऊन येतो. पन दुधीचे चारशे घेसान तं नाही.

कामठी_लाइन

‘जपानशी आपला काय संबंध’ असं ग्रुपवर म्हणणाऱ्यांसाठी लिहितोय. भदंत सुरेई ससाई जपानातून आले आणि १९६० च्या दशकापासून नागपूरचेच झाले. कामठीचं ड्रॅगन पॅलेस जपानी देणगीदार नोरिको ओगावा यांच्या मदतीने उभं राहिलं. जपानी यात्रेकरू आमच्याकडे लहानपणापासून बघतोय. त्यांच्याकडच्या मठांत मांस-मासा वर्ज्य असलेली स्वयंपाकाची शेकडो वर्षांची परंपरा आहे. माशाशिवाय जपानी जेवण होतच नाही, असं म्हणणाऱ्यांनी तिकडेही बघावं. त्यामुळे मी प्रतापनगरकरांच्या बाजूने.

नागोया_ते_नागपूर

मठातलं जेवण आणि सुशीचं दुकान या दोन वेगळ्या परंपरा आहेत, त्या एकत्र करू नका. मठातल्या स्वयंपाकाबद्दल मला आदर आहे. तिथे मेयोनीज नसतं.

प्रतापनगरकर

सूक्ष्मजीव सर, पीएचचा मुद्दा मला मान्य. पण उत्तर फ्रीज नसून पुरेसं व्हिनेगर आणि थोडा थोडा भात लावणं हे आहे. दुपारी गिऱ्हाईक नसेल तर दुपारी दुकान बंद ठेवावं, तर्रीपोहेवाले नाही का दहा-अकराला माल संपला की गाडी आवरत? आणि नागोयावाले, मरळ भाजून ठेवला तर तुमचा मासा आणि माझा भात दोन्ही जागेवर राहतात. अडतं फक्त सॅमनच्या फोटोवर.

सूक्ष्मजीव

थोडा थोडा भात लावला तर माझी हरकत नाही, पण कधी लावला ती वेळ काउंटरवर लिहा. आणि कच्चा मासा ठेवणारच असाल तर तो कुठल्या तारखेला आला, गोठवून आला की बर्फात, हेही त्याच पाटीवर.

चटईवाला

भाताची वेळ मी उद्यापासून लिहू शकतो, खडू आणि पाटी दोन्ही आहेत. माशाची तारीख लिहायला मालक तयार होणार नाहीत. मी विचारलं होतं. म्हणाले, मंगळवारची तारीख बघून गुरुवारी कोण खाईल?

धंतोलीची_शाकाहारी

हेच तर गिऱ्हाइकाला कळायला हवं ना, दादा. चटईचं काय?

चटईवाला

ताई, चटई मी वेगळी केली आहे, हिरवी दोरी बांधून. सुरी अजून एकच आहे.